पाउलीचा मज्जाव



पुंजयामिकीवर बोला, असं व्याख्यानमालेच्या कार्यवाहांनी सांगितलं तेव्हा एक अट मीच घातली. श्रोडिंगर यांचं मांजर आज या सभागृहात येणार नाही. ते जिवंत की मेलेलं, देव फासे टाकतो की नाही, या चर्चा रंगतात खऱ्या. पण त्या ऐकून घरी जाणाऱ्याला वाटतं, की पुंजयामिकी म्हणजे तत्त्वज्ञांच्या गप्पा, आपल्या घरातल्या वस्तूंशी तिचं काही देणंघेणं नाही. म्हणून मी दुसऱ्या टोकाकडून सुरुवात करतो. भिंतीतून गेलेली तांब्याची तार, अंगठीतला हिरा, माझ्यासमोरचं हे लाकडी टेबल आणि आकाशातल्या व्याधाचा नुसत्या डोळ्यांना न दिसणारा सोबती, या चारांनाही लागू पडणारा एक नियम आहे. तो एका ओळीत सांगता येतो. एका अवस्थेत एकच इलेक्ट्रॉन, दुसऱ्याला मज्जाव.

वोल्फगांग पाउली यांनी हा नियम १९२५ साली हॅम्बुर्गमध्ये मांडला. वय चोवीस. मराठीत त्याला विवर्जन तत्त्व म्हणतात. आज मी त्याला सरळ मज्जावच म्हणेन. पण त्याआधी धातूंनी शास्त्रज्ञांना पंचवीस वर्षं कसं छळलं, ते ऐकायला हवं. दुखणं कळल्याशिवाय औषधाचं मोल कळत नाही.

जे. जे. टॉमसन यांनी १८९७ मध्ये इलेक्ट्रॉनचं अस्तित्व दाखवून दिलं. तीनच वर्षांनी पाउल ड्रूड या जर्मन शास्त्रज्ञांनी धातूचं चित्र उभं केलं. अणू आपापल्या जागी बसलेले, त्यांचे बाहेरचे इलेक्ट्रॉन मात्र सुटे, आणि या सुट्या इलेक्ट्रॉनांचा धातूच्या आत एक वायूच बनलेला. बॅटरी जोडली की या वायूला एका दिशेने रेटा मिळतो आणि वीज वाहते. एक टोक तापवलं की तेच इलेक्ट्रॉन उष्णता दुसऱ्या टोकाला नेतात. जो धातू विजेचा चांगला वाहक तोच उष्णतेचाही, हे वीडमान आणि फ्रान्झ यांनी १८५३ मध्येच दाखवलं होतं. ठरावीक तापमानाला या दोन वहनांचं गुणोत्तर बहुतेक धातूंमध्ये जवळपास सारखंच येतं. ड्रूड यांच्या गणितातून ते गुणोत्तर अगदी जवळचं आलं. सिद्धांत खरा असल्याची याहून मोठी पावती कोणती?

अडचण निघाली ती तापवण्याच्या हिशेबात. कोणत्याही घन पदार्थातले अणू उष्णतेने थरथरतात आणि त्या थरथरीसाठी ठरावीक उष्णता लागते. सुटे इलेक्ट्रॉन जर खरोखर वायूसारखे असतील, तर तापताना त्यांनीही आपला वाटा मागायला हवा. तांब्यात प्रत्येक अणूमागे एक सुटा इलेक्ट्रॉन आहे. जुन्या यामिकीने हिशेब केला, तर तांब्याची उष्णताधारकता केवळ अणूंच्या हिशेबाने येते त्याच्या दीडपट भरायला हवी. प्रत्यक्ष मोजलं, तर इलेक्ट्रॉनांचा वाटा जवळजवळ शून्य. म्हणजे वीज न्यायला सगळे हजर आणि उष्णता घ्यायला एकही नाही. लोरेन्ट्झ यांच्यासारख्या दिग्गजाने ड्रूड यांचं गणित घासूनपुसून घेतलं, तरी हा डाग गेला नाही.

उत्तर आलं ते वेगळ्याच दिशेने, एकेकट्या अणूकडून. नील्स बोर यांनी मांडलेल्या अणूच्या चित्रात इलेक्ट्रॉनांसाठी कमीजास्त ऊर्जेच्या पायऱ्या होत्या. निसर्गात प्रत्येक गोष्ट कमी ऊर्जेकडे घसरते. मग सगळे इलेक्ट्रॉन सर्वांत खालच्या पायरीवर का गोळा होत नाहीत? हीलियमचे दोन इलेक्ट्रॉन तिथे गुण्यागोविंदाने राहतात. त्यातला एक उपटायला २४.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट एवढी ऊर्जा लागते. पुढचं मूलद्रव्य लिथियम. अणुकेंद्रावरचा विद्युत्भार वाढला, ओढ वाढली. तिसरा इलेक्ट्रॉन आणखी घट्ट धरला जायला हवा. प्रत्यक्षात तो ५.४ इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये सुटतो. लिथियमचा अणू हीलियमपेक्षा मोठाही असतो. तिसऱ्याला खाली कोणी घेतलंच नाही, तो बाहेर राहिला. म्हणून हीलियम कुणाशीही संयोग पावत नाही आणि लिथियम पाण्यात टाकताच हायड्रोजन सोडू लागतो. सगळं रसायनशास्त्र या बाहेर राहिलेल्यांचं आहे.

दोन, आठ, अठरा, बत्तीस ही अणूच्या कवचांत मावणाऱ्या इलेक्ट्रॉनांची संख्या तेव्हा सर्वांना पाठ होती, तिचं कारण मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. केंब्रिजच्या एडमंड स्टोनर यांनी १९२४ मध्ये या आकड्यांची नवी विभागणी सुचवली. ती वाचून पाउलींना वाट दिसली. इलेक्ट्रॉनची अवस्था सांगायला तीन अंक पुरत नाहीत, चौथा लागतो, आणि त्या चौथ्याला दोनच किमती असतात. चारही अंक सारखे असलेले दोन इलेक्ट्रॉन अणूत असू शकत नाहीत. एवढं म्हटलं की ते सगळे आकडे आपोआप पडतात. हा चौथा अंक म्हणजे इलेक्ट्रॉनचा स्वतःचा फिरकीसारखा गुण, हे १९२५ मध्येच लायडनच्या उलेनबेक आणि गाउडस्मिट या तरुणांनी सांगितलं.

मज्जाव अणूपुरता होता तोवर ती रसायनवाल्यांची सोय होती. १९२६ मध्ये फ्लोरेन्समधून फर्मी यांनी आणि काही महिन्यांनी केंब्रिजमधून डिरॅक यांनी स्वतंत्रपणे तो इलेक्ट्रॉनांच्या अख्ख्या जमावाला लावला. पुढच्याच वर्षी म्युनिकचे आर्नोल्ड सोमरफेल्ड यांनी तो धातूला लावला. पाउली हे त्यांचेच विद्यार्थी. जुन्या गुरूने शिष्याचा नियम उचलून ड्रूड यांचं मोडकळीला आलेलं घर सावरलं.

काय केलं त्यांनी? हे सभागृह घ्या. समजा, एका खुर्चीवर एकच माणूस, आणि पुढच्या रांगा भरल्याशिवाय मागे बसायचं नाही. सभागृह बरंच भरलं आहे, मागे काही रांगा रिकाम्या आहेत. आता कुणी हलकासा धक्का दिला, एक-दोन रांगा मागे सरकता येईल एवढाच. मधल्या रांगेतला माणूस कुठे जाणार? त्याच्या मागच्या, पुढच्या, सगळ्या खुर्च्या भरलेल्या. हलू शकतात ते फक्त शेवटच्या भरलेल्या रांगांतले, ज्यांच्या पाठीमागे रिकामी जागा आहे. तांब्यातली ही शेवटची भरलेली रांग तळापासून सुमारे ७ इलेक्ट्रॉन-व्होल्टवर आहे. खोलीच्या तापमानाचा धक्का एका इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या चाळिसाव्या भागाएवढा. म्हणून शेकडा एखाद्याच इलेक्ट्रॉनपर्यंत उष्णता पोहोचते, बाकीचे तापतच नाहीत. पंचवीस वर्षांचा डाग निघाला. सिद्धांताने सांगितलेला तो शेकडा एकाचा वाटाही पुढे अतिशीत तापमानाला, अणूंची थरथर जवळपास थांबल्यावर, मोजून सापडला.

त्या शेवटच्या रांगेतले इलेक्ट्रॉन किती वेगाने धावत असतात? सेकंदाला सुमारे १५७० किलोमीटर. तार बर्फात ठेवा, द्रव हीलियममध्ये ठेवा, हा वेग तसाच राहतो. तो उष्णतेचा नाही, खालच्या जागा भरलेल्या असल्यामुळे आलेला आहे. आणि वीज वाहताना हा जमाव एका दिशेने सरकतो तो किती? एक चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेतून एक अँपिअर प्रवाह जात असेल, तर तासाला जेमतेम पाव मीटर. बटण दाबताच दिवा लागतो तो इलेक्ट्रॉन पळत आल्यामुळे लागत नाही. तारेभोवतीचं विद्युत्क्षेत्र जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने पुढे जातं आणि तारेतला सगळा जमाव एकदमच सरकू लागतो.

मग ड्रूड यांचं गुणोत्तर बरोबर कसं आलं होतं? हा विज्ञानाच्या इतिहासातला मला फार आवडणारा योगायोग आहे. त्यांनी इलेक्ट्रॉनांची उष्णताधारकता साधारण शंभरपट जास्त धरली होती आणि वेगाचा वर्ग साधारण शंभरपट कमी. दोन्ही चुकांचा गुणाकार झाला आणि त्या एकमेकींना खाऊन गेल्या. वर वीजवहनाच्या हिशेबात दोनाचा एक गुणक चुकला, त्यामुळे आकडा आणखीच चांगला जुळला. प्रयोगशाळेत उत्तर जुळलं की वही मिटणाऱ्या विद्यार्थ्यांना ही कथा जरूर सांगावी.

तरीही एक कोडं शिल्लक होतं. तांब्यात अणू एकमेकांपासून पाव नॅनोमीटरवर खेटून बसलेले. इलेक्ट्रॉन त्यांच्यातून जाताना पावलोपावली आपटायला हवा. पण खोलीच्या तापमानाला तो सुमारे चाळीस नॅनोमीटर, म्हणजे दीडशेएक अणू ओलांडून जातो आणि मगच त्याची दिशा बदलते. शुद्ध तांबं थंड करत नेलं की हे अंतर वाढतच जातं. फेलिक्स ब्लॉख यांनी १९२८ मध्ये लाइपझिगला हायझेनबर्ग यांच्या हाताखाली प्रबंध लिहिताना हे सोडवलं. इलेक्ट्रॉन हा तरंग आहे, आणि अणू जर अगदी नियमित अंतराने बसलेले असतील, तर तरंगाला त्यांचा अडथळा होतच नाही. नियमित जालकातून तो निर्धास्त पार होतो. अडथळा होतो तो नियम मोडतो तिथे: थरथरून जागचा हललेला अणू, भलत्या धातूचा घुसलेला अणू. विजेच्या तारेसाठी तांबं इतकं शुद्ध करून का घेतात, त्यात किंचितसा फॉस्फरस राहिला तरी त्याची वाहकता का ढासळते, याचं उत्तर ब्लॉख यांच्या प्रबंधात आहे. आपल्याकडेही या दृष्टीने काम झालं. अलाहाबादला के. एस. कृष्णन आणि ए. बी. भाटिया यांनी १९४५ मध्ये वितळलेल्या धातूंच्या रोधाचा विचार असाच, तरंगांच्या विखुरण्यावरून मांडला होता.

ब्लॉख यांच्या हिशेबाने मात्र सगळेच स्फटिक वाहक ठरत होते. मग हिरा निरोधक कसा? हा गुंता १९३१ मध्ये ॲलन विल्सन या इंग्रज तरुणाने लाइपझिगलाच सोडवला. स्फटिकात इलेक्ट्रॉनांसाठी ऊर्जेचे पट्टे असतात आणि पट्ट्यांमध्ये निषिद्ध फट. पट्टा अर्धवट भरलेला असेल तर धातू. पूर्ण भरला असेल आणि वरची फट मोठी असेल तर निरोधक. हिऱ्यातले इलेक्ट्रॉन जागच्या जागी खिळलेले नसतात, तेही फिरतातच. पण भरलेल्या पट्ट्यात उजवीकडे जाणाऱ्या प्रत्येकामागे डावीकडे जाणारा एक असतो, आणि हा समतोल मोडायला मोकळी अवस्थाच नसते. बेरीज कायम शून्य. हिऱ्यातली फट साडेपाच इलेक्ट्रॉन-व्होल्टची. दृश्य प्रकाशाच्या कणाकडे जास्तीत जास्त तीनच्या आसपास ऊर्जा असते. तो कुणालाच वर उचलू शकत नाही आणि सरळ आरपार जातो. हिरा पारदर्शक आहे तो यामुळे.

सिलिकॉनची फट १.१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. तिथे एक कोटी अणूंमागे एक फॉस्फरसचा अणू घातला, तरी वाहकता लाखांच्या पटीत वाढते, कारण फॉस्फरसच्या पाचव्या इलेक्ट्रॉनला भरलेल्या पट्ट्यात जागा मिळत नाही आणि तो वरच्या रिकाम्या पट्ट्यात जाऊन मोकळा फिरतो. ट्रान्झिस्टर आणि पुढचं सगळं तुम्हाला ठाऊक आहे. तिकडे मी वळत नाही.

आता कुणीतरी विचारायलाच हवं, की हा मज्जाव येतो कुठून? इलेक्ट्रॉनांमधलं विद्युत् प्रतिकर्षण म्हणजेच हा मज्जाव, असा एक समज आहे. तो चुकीचा आहे. प्रतिकर्षण वेगळं, ते अंतरावर अवलंबून असतं. मज्जाव हा बलच नाही. सगळे इलेक्ट्रॉन हुबेहूब सारखे असतात. त्यांना पहिला-दुसरा अशी नावं देता येत नाहीत. दोन इलेक्ट्रॉनांचं वर्णन करणारं तरंगफल असं असतं, की त्यांची अदलाबदल केली की त्याचं चिन्ह उलटं होतं, अधिकचं वजा. आता दोघंही एकाच अवस्थेत आहेत असं समजा. अदलाबदलीने काहीच बदलत नाही, आणि तरीही चिन्ह बदललं पाहिजे. स्वतःच्याच वजाइतकी असणारी संख्या एकच, शून्य. अशी स्थिती संभवतच नाही. प्रकाशाच्या कणांचं चिन्ह बदलत नाही, म्हणून ते एका अवस्थेत कितीही मावतात. त्यांची गणना ढाक्याहून सत्येंद्रनाथ बोस यांनी १९२४ मध्ये केली. लेसर त्याच सवलतीवर चालतो. चिन्ह बदलावंच का, याचं उत्तर सापेक्षता आणि पुंजयामिकी एकत्र आणल्यावर मिळतं. ते पाउलींनीच १९४० मध्ये सिद्ध केलं. तरी याचं साधं कारण आपल्याला देता येत नाही, ही खंत त्यांनी नोबेल व्याख्यानातही बोलून दाखवली होती.

मज्जाव नसता तर? १९३१ मध्ये पाउलींना लोरेन्ट्झ पदक देताना भौतिकशास्त्रज्ञ एरेनफेस्ट यांनी नेमकं हेच बोलून दाखवलं. दगड, धातूचे तुकडे एवढी जागा का अडवतात, तर पाउलींच्या बंदीमुळे. ती थोडी शिथिल केली तर रस्त्यांवरची गर्दीसुद्धा कमी होईल, अशी कोपरखळीही मारली. थट्टा खरी, पण तिच्यातलं भौतिक पक्कं होतं. आपण तांब्याचा तुकडा दाबू शकत नाही, कारण दाबलं की इलेक्ट्रॉनांची जागा आक्रसते, तरंग आखूड होतात, ऊर्जा चढते आणि खालच्या अवस्था तर आधीच भरलेल्या. सोमरफेल्ड यांच्या सूत्रात आकडे घातले, तर तांब्यातल्या सुट्या इलेक्ट्रॉनांचा हा दाब वातावरणाच्या दाबाच्या पावणेचार लाख पट येतो. अणुकेंद्रांच्या ओढीने तो तोललेला असतो, म्हणून तार आपोआप फुटत नाही. पदार्थ कोसळत नाही याची काटेकोर सिद्धता मात्र १९६७ पर्यंत नव्हती. ती फ्रीमन डायसन आणि अँड्र्यू लेनर्ड यांनी दिली, आणि मज्जावाशिवाय ती उभीच राहत नाही. हे टेबल माझ्या कोपराचा भार पेलतं आहे ते शेवटी याच जोरावर.

आता व्याधाच्या सोबत्याकडे वळू; तिकडची वाट मद्रासवरून जाते. सोमरफेल्ड १९२८ मध्ये भारतात आले. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात त्यांचं व्याख्यान झालं. सुब्रह्मण्यन चंद्रशेखर हा सतरा-अठरा वर्षांचा विद्यार्थी दुसऱ्या दिवशी त्यांना हॉटेलवर जाऊन भेटला. सोमरफेल्ड यांचं अणुरचनेवरचं पुस्तक त्याने वाचून काढलं होतं. ते सगळं आता जुनं झालं, असं खुद्द लेखकानेच त्याला सांगितलं आणि धातूंवरच्या नव्या निबंधाची छपाईची मुद्रितं त्याच्या हाती ठेवली. त्या कागदांतून चंद्रशेखर नवी सांख्यिकी शिकले आणि पुढच्याच वर्षी त्यांचा स्वतःचा निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात आला. पाहुण्या व्याख्यात्याला दुसऱ्या दिवशी गाठणारे विद्यार्थी मला नेहमीच आवडतात.

व्याधाच्या सोबत्याचं कोडं तेव्हा ताजं होतं. वस्तुमान सूर्याएवढं, आकार पृथ्वीएवढा, एका घन सेंटीमीटरचं वजन टनाच्या पुढे. अशा ताऱ्यांना श्वेत बटू म्हणतात. आतलं इंधन संपलेलं, मग तो स्वतःच्या भाराखाली चिरडत का नाही? केंब्रिजचे राल्फ फाउलर यांनी १९२६ मध्येच उत्तर दिलं होतं: तारा पूर्ण थंड झाला, तरी इलेक्ट्रॉनांचा मज्जावाचा दाब शिल्लक राहतो. धातूच्या आधी ताऱ्याला हा नियम लागला, हे विशेष. जुलै १९३० च्या अखेरीस चंद्रशेखर मुंबई बंदरातून बोटीने युरोपकडे निघाले, ते याच फाउलर यांच्याकडे शिकायला. वाटेत हिशेब करताना त्यांच्या लक्षात आलं, की इतक्या दाटीत इलेक्ट्रॉनांचा वेग प्रकाशाच्या वेगाजवळ जातो, आणि मग दाब पुरेसा चढत नाही. वस्तुमान एका मर्यादेपलीकडे गेलं, की मज्जावसुद्धा ताऱ्याला सावरू शकत नाही. ही मर्यादा आज सूर्याच्या सुमारे १.४ पट मानली जाते. जानेवारी १९३५ मध्ये खगोलशास्त्रज्ञ एडिंग्टन यांनी रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या सभेत ती जाहीरपणे उडवून लावली. १९८३ मध्ये चंद्रशेखर यांना नोबेल मिळालं. ते त्यांच्यासोबत विल्यम फाउलर यांना विभागून मिळालं, पण हे फाउलर वेगळे. माझ्या विद्यार्थ्यांची इथे नेहमी गल्लत होते.

या सभागृहात शिक्षक बरेच आहेत, म्हणून एक विनंती करून थांबतो. अकरावीच्या रसायनशास्त्रात पाउलींचं तत्त्व आपण शिकवतो ते चौकोनांत वर-खाली बाण भरण्याचा नियम म्हणून. दोन गुणांचा प्रश्न येतो, मुलं बाण भरतात आणि पान उलटतं. त्या तासाला वर्गात तांब्याच्या तारेचा एक तुकडा न्या. तो मुलांना बोटांत धरून दाबायला सांगा, का दबत नाही ते विचारा, आणि व्याधाच्या सोबत्यापर्यंत मुलांना घेऊन जा. वीस मिनिटं पुरतात, आणि अभ्यासक्रमाबाहेरचं त्यात काही नाही.